डोळ्यापुढचं अक्षर

टायफॉइडच्या इंजेक्शनांनी पंचफुलाबाईचे कान गेले. तेव्हापासून ती कोणत्याही प्रश्नाला मान हलवून ‘हो’ म्हणायची. अमरावतीत तिची घरगुती खानावळ होती. जेवणारे मुद्दाम काहीबाही विचारत आणि हसत. तिचा मुलगा संघपाल, पॉलिटेक्निकमधला प्रयोगशाळा सहायक, शेजारी बसून जेवत राही. त्याला राग येत नसे. वडील गेल्यापासून त्याला काहीच वाटत नसे.

चिठ्ठी दाखवावी तर तिचे हात सदा पिठात. म्हणून २००६च्या उन्हाळ्यात त्यानं ठरवलं, जुना लॅपटॉप दप्तरात घालून तिच्या पाठीवर द्यायचा आणि त्याला जोडलेला इवलासा पडदा डोळ्यापुढे बांधायचा. लोक बोलतील ते आपण लांब तारेच्या कीबोर्डवर टाइप करायचं. तिनं भाकरी थापता थापता वाचायचं. तिनं समजून उत्तर द्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

पडद्यासाठी तो अकोल्याला परवेजकडे गेला. परवेज लग्नाचे व्हिडिओ कॅमेरे दुरुस्त करायचा.

“मुंबईचा पडद्यावाला चष्मा नका घेऊ, भाऊ. दोन महिन्यांचा पगार जाईन, अन् अक्षर फुटते ते फुटतेच. हा घ्या, क्यामेऱ्याचा डोळा, शूटिंगवाला ज्यातून पाहते तो. काळापांढरा, पण अक्षर सुईसारखं.”

“इतका स्वस्त कावून?”

“कापसाले भाव नाही, लग्नं पाच माणसांत होऊन राहिले. हिवरखेडचे शूटिंगवाले क्यामेरे भंगारात टाकून गेले. म्हणसान तर पुढं तिरपी काच लावून देतो. आरपार दिसते, पण अक्षर फिक्कट.”

संघपालनं काच नको म्हटलं. काळ्या रबरी टोपणाचा, डोळ्याला घट्ट बसणारा डोळाच त्यानं घेतला.

रविवारी त्यानं तो टोपीच्या पट्ट्याला बांधून आईला घातला आणि टाइप केलं, ‘माय, चटणी आहे का?’ तिचा पिठाचा हात वर आला. बोट हवेत चाचपडलं, डोळ्यापुढच्या नळीवर आपटलं.

“बोट कुठं ठेवू रे?”

साक्षरतेच्या वर्गात ती चाळिशीत वाचायला शिकली होती, अक्षराखाली बोट ठेवून. बोटाशिवाय तिला पाटीसुद्धा वाचता येत नसे. हे तो कित्येक वर्षं पाहत आला होता.

तो पुन्हा अकोल्याला गेला. “पहिलेच सांगत होतो न,” म्हणत परवेजनं काच बसवून दिली. आता अक्षरांमागे खोली दिसे, बोटही दिसे. उजेडात अक्षर विरून जाई, म्हणून आई भिंतीकडे तोंड करून चुलीपाशी बसली.

रोजचा जेवणारा डोमाजी कारकून जेवता जेवता म्हणाला, “माय, आज पिठात गिट्टी दळली का?” संघपालनं जसंच्या तसं टाइप केलं. तिनं हवेत बोट धरलं, ओठ हलवत सावकाश वाचलं. तव्यावरची भाकरी करपू लागली.

“नाही,” ती म्हणाली. डोमाजी ताटात पाहू लागला.

“रोजच असं विचारतेत का?” तिनं संघपालला विचारलं.

‘हो,’ त्यानं टाइप केलं.

“अन् तू काय म्हणत होता?”

 ती कोऱ्या काचेत पाहत होती, बोट हवेत धरून.