राहूचा प्रातिनिधिक श्रोता

मारुतीच्या मुलीचा, शोभाचा, फोन आला तेव्हा मी शिरूरच्या घरी टेबलापाशी बसून त्याच्याविरुद्धच अर्ज लिहीत होतो. 'सदर इसमास प्रातिनिधिक श्रोता ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणत्या नियमान्वये प्राप्त झाला,' इथवर वाक्य आले होते. "काका, आप्पा गेले. सकाळी चहा घेतला आन् बसल्या जागी..." एवढेच ती बोलू शकली. मी पेनाला टोपण लावले.

अर्ज विद्यापीठातील संग्रहालयास होता. रेडिओ आणि चित्रपट यांचा इतिहास मांडणाऱ्या त्या दालनात, जुने प्रोजेक्टर आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रे यांच्या शेजारी, काचेच्या पेटीत एक पोस्टकार्ड आहे. खाली पाटी : 'प्रातिनिधिक श्रोता, राहू, तालुका दौंड'. ते कार्ड मारुतीचे. आम्ही दोघेही राहूचे, एकाच बाकावरचे. चौथीनंतर तो मेंढरांमागे गेला. मी शिकलो आणि शिरूरच्या न्यायालयात कारकून झालो. तेव्हापासून तो मला 'भाऊसाहेब' म्हणू लागला. त्यात आदर किती आणि टिंगल किती, याचा निर्णय अखेरपर्यंत लागला नाही.

संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम आम्ही दोघेही ऐकत असू. तो गळ्यात ट्रान्झिस्टर अडकवून रानात, मी समोर घड्याळ ठेवून घरात. दोघेही तो सादर करणाऱ्या निवेदिका ताईंच्या नावे रेडिओ केंद्रास पत्रे लिहीत असू. माझी पत्रे फुलस्केप, टंकलिखित, परिच्छेदांना क्रमांक दिलेली. बाजारभाव दोन मिनिटे उशिरा सुरू झाले, हवामानाच्या बातमीतून आमचा तालुका वगळला गेला... अशा एकाही चुकीला मी माफी दिली नाही. मारुती कार्ड लिहायचा, तेही मेंढरे बसली की गुडघ्यावर टेकवून. गावी गेलो की मी पत्राची माझ्याकडे ठेवलेली नक्कल, स्थळप्रत, त्याला वाचून दाखवीत असे. तो शांतपणे ऐकून घेई आणि म्हणे, "भाऊसाहेब, ह्ये पत्र न्हाई, नोटीस हाय. ताई वाचायच्या आधी वकील गाठत्याल." मग तू काय लिहिलेस, असे एकदा मी चिडून विचारले. "म्या? म्या लिवलं, ताई, आज घसा बसलाय तुमचा, ओवा चावा."

आज काचेत आहे ते हेच कार्ड. त्या निवेदिका ताईंनी निवृत्त होताना आपल्या आवडीची पत्रे घरी नेली होती. पुढे ती सारी त्यांनी संग्रहालयाला दिली. त्यांत मारुतीची कार्डे निघाली, माझे एकही पत्र निघाले नाही. मी माहितीच्या अधिकारात केंद्राकडे विचारणा केली. उत्तर आले : आपली पत्रे प्राप्त झाल्याची नोंद आहे, जतनाची मुदत संपल्याने ती नियमानुसार नष्ट करण्यात आली आहेत. नियमानुसार! ज्या नियमांची बाजू मी जन्मभर घेतली, त्यांनीच माझा कागद फाडला.

दालनाच्या उद्घाटनाचे निमंत्रण मारुतीला आले. सोबत म्हणून मी गेलो. छायाचित्रकार मला म्हणाला, "बाबा, जरा बाजूला व्हा." मारुतीने काचेला नाक लावले. "आरं, कोंडलं की ह्येला! कार्डाचं काम फिरायचं." सगळे हसले, कोणीतरी ते वाक्य टिपूनही घेतले. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. त्याने भाजलेल्या शेंगांचा पुडा पुढे केला, तोही घेतला नाही. ती आमची शेवटची भेट... 'हेवा' हा शब्द मी कोणत्याही अर्जात वापरलेला नाही. इथे वापरतो. मला मारुतीचा हेवा वाटत होता आणि तो गेल्यावरही वाटतो आहे.

तेराव्यानंतर शोभाला वडिलांचे कार्ड पाहायचे होते म्हणून तिला संग्रहालयात घेऊन गेलो. अपुरा अर्ज खिशात होता. तिथल्या तरुण अधिकारी बाईंनी तिच्यासाठी पेटी उघडली, हातमोजे घालून कार्ड उचलले आणि उलटे केले. पत्त्याशेजारच्या मोकळ्या जागेत आणखी काही ओळी होत्या. शोभाने त्या वाचल्या. आधी माझे संपूर्ण नाव, आणि पुढे : 'हे आमचे मित्र शिरूरहून लिहितात. रागावून लिहितात, पण खरे लिहितात. त्यांचे नाव एकदा घ्या. मी सांगितले हे त्यांना कळू देऊ नका.'

रेडिओवर माझे नाव एकदाच घेतले गेले. तो माझ्या युक्तिवादाचा विजय, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. मारुतीलाही सांगितले होते, एकदा नव्हे, अनेकदा. प्रत्येक वेळी तो म्हणाला होता, "मंग! तुमच्यापुढं कोन टिकतंय?"

"ही बाजू वर ठेवू का?" बाईंनी विचारले. शोभा माझ्याकडे पाहत होती. मी नको म्हणालो. यात मोठेपणा नाही. त्या काचेत माझे नाव यावे यासाठीच माझा सारा झगडा होता. पण मारुतीच्या शिफारशीने आलेले मला ते सहन झाले नसते. बाईंनी कार्ड पूर्ववत ठेवले.

ताईंना कळविणे आवश्यक होते. बाईंकडून त्यांचा पत्ता घेतला आणि शिरूरच्या पोस्टातून चार कार्डे आणली. तीन 'विषय' हा शब्द लिहून वाया गेली. चौथ्यावर लिहिले, 'ताई, मारुती गेला.' खाली पुष्कळ जागा होती, पत्त्याशेजारीही होती. त्याने ती सहज भरली असती. मला जमेना. कार्ड तसेच टपालपेटीत टाकले. रजिस्टर केले नाही, पोच मागितली नाही.