उपवासाला गोळी चालत नाही

आमच्या घरात उपवासाला बटाटा चालतो. बटाट्याचा कीस, वेफर्स, तुपात परतलेल्या काचऱ्या, सगळं चालतं. साबुदाणा चालतो, रताळं चालतं, शेंगदाण्याचं कूट तर ओंजळीने चालतं. चहाचं कुणी विचारतही नाही. साधं मीठ चालत नाही, पण सैंधव चालतं, कारण ते गुलाबी असतं आणि गुलाबी मीठ म्हणजे मीठ नव्हे, असा काही तरी ठराव माझ्या जन्माआधी कधीतरी पास झालेला आहे. चालत नाही ती एकच वस्तू. रक्तदाबाची गोळी.

ही बातमी मला कल्याणला डोळ्यांच्या दवाखान्यात कळली. आई डोंबिवलीत घरी साड्यांना पिको-फॉल करून देते. गेले काही महिने तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून मी तिला घेऊन गेलेले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, दिवा लावून आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं,

"काकू, बीपी आहे का तुम्हाला?"

"आहे की. गोळी चालू आहे."

"रोज घेता?"

"रोज म्हणजे रोजच. उपवासाचा दिवस सोडून."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी आईकडे.

"उपवास कधी कधी असतो?"

आईने बोटांवर मोजायला घेतलं. "सोमवार. संकष्टी. दोन एकादश्या. श्रावणात शनिवारपण. आणि नवरात्र, ते तर सगळेच करतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बारीक रक्तवाहिन्या असतात, दाबाने त्या खराब होत चालल्यात, एका ठिकाणी थोडं रक्तही झिरपलंय. नवीन चष्म्याने हे सुधारणार नाही. गोळी दुखणं बरं करत नाही, फक्त दाब धरून ठेवते, आणि घेतली तरच. "एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही, काकू. पण तुमचा एखादा दिवस आठवड्यातून दोनदा येतो."

"पण मला काही होत नाही हो," आई म्हणाली. "डोकंसुद्धा दुखत नाही."

"बीपीत बहुतेकांना काहीच होत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर आपण इथे भेटलो."

मी एका संघटनेत काम करते. ऑफिस कोपरीत, विषय फुटपाथ. ठाण्यापासून मोहन्यापर्यंत कुठल्या रस्त्यावर माणसाला चालायला किती जागा उरली आहे, हे आम्ही मोजतो, त्याची पत्रकं छापतो आणि वाटतो. पत्रक कसं लिहायचं हे मला तिथे शिकवलंय. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत संताप, तिसऱ्या ओळीत मागणी. परतीच्या रिक्षात मी तिन्ही ओळी एका दमात म्हटल्या.

"ओरडू नकोस गं," आई म्हणाली, "माझं बीपी वाढेल."

"पण गोळी का नाही घ्यायची? पाणी पितेस ना उपवासाला?"

"डॉक्टर म्हणालेले, जेवणानंतर घ्या. उपवासाला जेवण कुठे असतं? फराळ असतो."

"दोन वाट्या खिचडी म्हणजे जेवण नाही?"

"नाही."

रिक्षावाल्याने आरशातून मान डोलावली. त्याच्याही घरात असाच कायदा असणार.

दुसऱ्या दिवशी मी तिला आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीनवरचा आकडा बघून त्यांनी पट्टा काढून पुन्हा बांधला. आकडा तोच. मग त्यांनी गोळीचा डोस बदलला, आणि ती रात्री ठरलेल्या वेळी घ्यायला सांगितली. पापड, लोणचं, फरसाण बंद. गुलाबी असो की पांढरं, मीठ ते मीठ. आणि रोज अर्धा तास चालायचं.

"चालायचं," मी म्हटलं. "कुठे?"

खरंच विचारलं मी. आमच्या बिल्डिंगच्या फाटकाबाहेर फुटपाथवर आधी एक ट्रान्सफॉर्मर आहे, मग पाणीपुरीवाला, मग दोन बंद पडलेल्या स्कूटर, मग वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बोर्ड, आणि मग फुटपाथच संपतो. हृदय सांभाळायला माणूस बाहेर पडला तर त्याला आधी पाय सांभाळावे लागतात. डॉक्टर म्हणाले, गच्चीवर चाला. आई गच्चीवर चालायला लागली. तिथे शेजारणींनी पापड वाळत घातलेले असायचे. ज्या पापडांवर बंदी आली होती त्यांच्याच मधून वाट काढत ती रोज चकरा मारायची. बाबांनीही घरातलं मीठ कमी करायला पाठिंबा दिला. म्हणजे भाजीत कमी घालायचं मान्य केलं, आणि ताटात वरून घ्यायला सुरुवात केली.

सोमवार आला. आईचा सोमवार दुसऱ्या दिवशी सकाळीच सुटतो, म्हणून पाकिटातली गोळी पाकिटातच राहिली.

मग मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. आईच्या भजनी मंडळात वाटायचं म्हणून. "उपवास करणाऱ्या भगिनींनो, देवाने तुमचे डोळे मागितलेत का?" अशी सुरुवात. खाली गोळी रोज का घ्यायची, सैंधवाने काही फरक पडत नाही, सगळं मुद्देसूद. छापायच्या आधी आईला वाचायला दिलं. तिने कागद हात लांब करून धरला, मग जवळ आणला, मग खिडकीपाशी नेला.

"अक्षरं जरा मोठी कर," ती म्हणाली. "मधली मधली दिसत नाहीत मला."

चांगली मोठी अक्षरं होती. घोषणांच्या फलकावर शोभतील एवढी. शिलाई मशीनवर कुणाची तरी हिरवी साडी अर्धी फॉल लावून पडलेली होती, आणि टाके पुढे जाता जाता तिरके गेलेले.

आई म्हणाली, "सोमवार मी कुणासाठी धरते ते माहितीय ना तुला?"

माहीत होतं. माझ्या लग्नासाठी. खरं तर हे व्रत मुलीने करायचं असतं. मुलगी पत्रकं वाटत फिरते म्हणून तिच्या आईने करायला घेतलेलं. एकदा संपलं, नवरा आला नाही, म्हणून पुन्हा धरलं.

"तू धर सोमवार," आई म्हणाली. "तू धरलास तर मला धरायला नको. मी दोन घास जेवेन, गोळी घेईन."

"हे ब्लॅकमेल आहे."

"बघ बाई. जमलं तर."

मी तिला सांगितलं की हे अवैज्ञानिक आहे, बायकांवर लादलेलं आहे, आणि लग्नाचा प्रश्न असा सुटत नसतो. या विषयावर आम्ही दोन पत्रकं काढली आहेत. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "शाबुदाणा भिजवू का उद्याला?"

साबुदाण्याला मी नाही म्हटलं. करायचाच तर नीट करायचा. फळं, ताक, एक रताळं. तळलेलं काही नाही, सैंधव नाही. घरात कुणीही उपवासाला बसलं की बाबांच्या वेफर्सची भीती असतेच, ती पुडी मी आधीच फेकली.

त्या सोमवारी कोपरीत मीटिंग होती. दुपारी सगळ्यांना मिसळ आली. मी केळं काढलं.

"काय गं, बरं नाही का?" शेजारच्या मैत्रिणीने विचारलं.

"उपवास आहे."

आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्याने चष्मा वर केला. "तुझा? कसला?"

"सोमवारचा."

"अरे वा! आध्यात्मिक आघाडी उघडली का आपण? पत्रक काढू या?"

"आईच्या बीपीसाठी आहे."

"मग आईने करायचा ना!"

"तिने करू नये म्हणूनच मी करतेय," मी म्हटलं. यावर ते हसायला लागले ते मीटिंगभर थांबले नाहीत. पुढचे कित्येक सोमवार मला "माताजी" म्हणून हाक मारली गेली. हसा. माझ्या घरी रात्री नऊ वाजता आई चपाती-भाजी खाऊन माझ्यासमोर गोळी गिळत होती आणि जीभ बाहेर काढून दाखवत होती. संकष्टीला चंद्र उगवल्यावर जेवण असतंच, त्यामुळे तीही सुटली. एकादशी अजून वादात आहे.

परवा नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. आकडा खाली आलाय. पार खाली नाही, पण आलाय. कल्याणच्या डॉक्टरांनीही त्याआधीच सांगितलं होतं की रक्त झिरपणं थांबलंय, जे गेलं ते मात्र परत येईल असं नाही. आई अजून दोरा माझ्याकडूनच ओवून घेते.

"गोळी आता बंद करायची का?" आईने विचारलं.

"नाही," नाक्यावरचे डॉक्टर म्हणाले. "गोळीमुळेच तर खाली आलंय. आणि चालण्यामुळे, आणि मीठ कमी झाल्यामुळे."

आईने मान डोलावली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "बघ. तुझ्या सोमवारांना फळ आलं."

मी तोंड उघडलं. प्रश्न, संताप, मागणी, तिन्ही ओळी तयार होत्या. डॉक्टरांनी टेबलावरून माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नाही म्हणून. मी तोंड मिटलं.

"डॉक्टर," आई म्हणाली, "नवरात्राचे नऊ दिवस हिला झेपतील का हो? तब्येतीने जरा बारीक आहे."

"आई, नऊच्या नऊ दिवस तू जेवणार असशील आणि गोळी घेणार असशील, तर बोल."

आई विचारात पडली. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता, तरी तिने वेळ घेतला. मग म्हणाली, "अष्टमीचा तेवढा माझा राहू दे."

"अष्टमीला पण गोळी."

"फराळानंतर?"

"फराळानंतर."

"बरं," आई म्हणाली, आणि डॉक्टरांना सांगितलं, "लिहून द्या तसं."