औषधांना सूट असते

माझा हात सैल, राग आला की लगेच उठतो. घरचे म्हणतात, आमच्या सिल्लोडकडचं तापट रक्त. मी म्हणतो, वाईट खोड. पोटापाण्याला मात्र अर्थशास्त्र शिकवलं आणि आर्थिक निर्बंधांवर संशोधन केलं. एखाद्या देशाचा व्यापार तोडला, बँका अडवल्या, तर तिथलं सरकार वठणीवर येतं का, हा माझा विषय. माझ्या प्रबंधातलं एक वाक्य मी दरवर्षी वर्गात ठासून सांगायचो: औषधांना निर्बंधांतून सूट असते.

त्या दिवशीही सांगितलं. माझ्याच हाताखाली पीएचडी करणारा इराणी विद्यार्थी पहिल्या बाकावर बसला होता. तो उठला, पुढं आला आणि त्यानं सरळ माझ्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फाटला, शर्ट रक्तानं भिजला. भर वर्गात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉलर धरून मी त्याचं डोकं फळ्यावर आपटलं. तो खाली कोसळला, हात जोडले, तरी मी लाथा घातल्या. बरगडी मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. त्यानंतरही एक घातलीच. मग पोरांनी मला ओढून बाजूला केलं.

दवाखान्यात माझ्या ओठाला टाके पडले. तो शेजारच्या खाटेवर होता. विभागप्रमुखांनी तक्रार लिहूनच आणली होती: विद्यार्थ्यानं हल्ला केला आणि पळताना पायरीवरून पडला. माझी सही झाली, की त्याचा व्हिसा रद्द होणार, चार वर्षांचं काम मातीत जाणार. फौजदार बाहेर थांबला होता.

तेव्हा तो धापा टाकत बोलला. त्याच्या धाकट्या बहिणीला फिट यायच्या. तिकडं गोळ्या मिळेनात. इथली कंपनी द्यायला तयार होती, पण इराणचं नाव काढलं की एकही बँक व्यवहार करीना. कागदावर सूट होती. बहीण महिन्यापूर्वी गेली होती. रोज समोर बसणाऱ्या पोराला मी घरचं कधी विचारलंच नव्हतं.

"सर, सही नका करू," तो इथं शिकलेल्या मराठीत म्हणाला. "मी पडलो असंच सांगतो. तुमचं नाव घेत नाय."

त्याचं खरं होतं, माझं चुकलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. लई नीट कळलं. पण साऱ्या वर्गासमोर मार खाल्ला होता, आणि राग उतरला नव्हता.

मी सही केली.