सोबत ड्रायव्हरचा खुलासा जोडला आहे

टेंभुर्णी ते जालना या रस्त्यावर आमच्या मावसांनी ज्याची तक्रार केलेली नाही असा जीपवाला सापडलाच, तर तो कालच गाडीवर बसला असे खुशाल समजावे. मावसा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. त्यांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतर आवक बंद पडली, पण जावक काही थांबेना. दर गुरुवारी काळ्या-पिवळ्या जीपने ते गुडघे दाखवायला नवीन जालन्याला जात. गुडघ्यांत काडीची सुधारणा नव्हती, पिशवीतला तक्रारींचा गठ्ठा मात्र चांगली तब्येत धरून होता.

तक्रारीला विषय कधी कमी पडले नाहीत. दहाच्या गाडीत सतरा माणसे कोंबणे, ड्रायव्हरने स्वतः अर्धे दाराबाहेर बसून डाव्या हाताला आणखी एक सवारी बसवणे, वाऱ्याची दिशा न पाहता गुटख्याची पिचकारी मारणे. शेवटच्या विषयात मावसांचे धोतर पुरावा म्हणून सामील होते, आणि ते त्यांनी कितीतरी दिवस मावशीला धुऊ दिले नाही.

पण आरोपीचे म्हणणे ऐकल्याशिवाय कागद पुढे आरटीओकडे पाठवणे त्यांच्या रक्तात नव्हते. जालन्याला उतरले की ते जीपच्या बॉनेटवर पॅड ठेवत, ड्रायव्हरला तक्रार वाचून दाखवत, त्याचा खुलासा स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून घेत आणि खाली त्याची सही घेत. ड्रायव्हर मंडळींना याची फार हौस होती. इतक्या वर्षांत कुणाचे काही वाकडे झाले नव्हते, त्यामुळे जो तो दिलखुलास बोलायचा. "मावसा, माझ्यात 'बेदरकार' घाला बरं," असा एकाने हट्टच धरला होता. कशाला कागद नासता, असे मी चिडवायचो. त्यावर आपले काम पाठवायचे, पुढचे त्यांचे ते जाणोत, असे ते शांतपणे सांगत.

मग सुदामची पाळी आली. गाडीच्या मागे शाळेची नऊ पोरे लटकलेली, समोरून कापसाचा ट्रक, आणि हा एका हाताने फोन कानाला लावून. ट्रक घासून गेला. पोरे वाचली ती केवळ वाचायची होती म्हणून. सुदामने खुलासा दिला, "मी बोलत न्हवतो. सासरेच बोलून राह्यल्ते, मी नुसतं हां-हां करीत व्हतो." मावसांनी शब्द न शब्द उतरवून घेतला, सही घेतली आणि कागद पाठवला.

आणि कारवाई झाली. सुदामचे लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित. चौकशीची गरजच पडली नाही, गड्याने सगळे कबूल केलेले होते. सुदामला बसला त्याहून मोठा धक्का मावसांना बसला. मावशीने बोलणे टाकले. स्टँडवर रिकाम्या जीपसुद्धा त्यांना "जागा न्हाई" म्हणू लागल्या. तक्रार मागे घ्या, असे मीही सुचवले. मागे लटकलेली नऊ पोरे मागे घेता येतील का, असे त्यांनी मला विचारले, आणि पहिल्यांदाच मला त्यांना चिडवता आले नाही.

तरी एका सकाळी मला घेऊन ते सुदामच्या घरी गेले. त्याच्या बायकोने पाणी दिले, चहाचे नाव काढले नाही. मावसा बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, "सुदाम, तुझं लायसन गेलं त्याचं लई वाईट वाटून राह्यलं. तक्रार केली त्याचं न्हाई." आम्ही उठलो.

तीन महिने मावसा एसटीने गेले. त्यानंतरच्या गुरुवारी सुदामची जीप त्यांच्यासमोर येऊन थांबली. त्याने पुढचे दार उघडले, मावसांना खिडकीशी बसवले आणि आपला फोन त्यांच्या मांडीवर ठेवला.

"धरा. जालन्यात द्या."

तेव्हापासून दर गुरुवारी तो फोन मावसांच्या मांडीवर बसून जालन्याला जायचा. गेल्या वर्षी गुडघ्यांनी पारच हात टेकले आणि मुलीने मावसांना पुण्याला नेले.

परवा गुरुवारी त्या खिडकीशी मी बसलो होतो. फोन समोरच्या खणात होता. अर्ध्या वाटेत तो वाजायला लागला. मी वाकून पाहिले तर नाव मावसांचे. मला राहवेना, मी हात पुढे केला.

"राहू द्या," सुदाम रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "दर गुरुवारी याच टायमाला करत्यात. उचलतो का, ते पाह्यला. उचलला की गेला कागद."

फोन पुरा वाजून थांबला. तिकडे पुण्यात, कुणी फोन उचलला नाही म्हणून आमचे मावसा समाधानाने पाय लांब करून बसले असतील. मला मात्र त्यांच्याशी फार बोलावेसे वाटत होते. पण जालना यायला अजून अर्धा तास होता, आणि मी हात मागे घेतला.