पेठच्या डोंगरात कुणाचंच काही दुखत नाही

"नाय दुखत! किती येळा सांगू? नाय, नाय आन् नाय!"

सोमीबाई एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या की समोरच्या डोंगरावरची गुरं चरायची थांबून आमच्याकडे बघू लागली. गुन्हा माझा. बाईंनी मला कोऱ्या चहाचा पेला दिला तो दोन तळव्यांत दाबून, बोटं बाजूला ताठ ठेवून. मी साताऱ्याचा माणूस, मनात आलेलं गिळता येत नाही. म्हणालो, "अहो बाई, तुमची बोटं गाजरासारखी सुजलीत की!"

मी इथे कसा आलो? माझी धाकटी बहीण वसुधा नाशकात सांध्यांची डॉक्टर आहे. "ये दादा, द्राक्षं खायला," असं सांगून तिनं दिवाळी झाल्या झाल्या बोलावलं. तेव्हा वेलींवर द्राक्षं म्हणून जे होतं ते मोहरीच्या दाण्याला लाजवेल एवढं. हातात फॉर्मचा गठ्ठा पडला. कुठल्या समाजात आमवात (शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तो संधिवात) जास्त, कुठल्या समाजात कमी, हे तिला मोजायचं होतं.

आधी गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत गेलो. तिथे काय विचारता! जो तो उशीएवढी जाड फाइल घेऊन हजर. एका आजोबांचं तर घड्याळाचं मनगट वेगळं आणि बिनघड्याळाचं वेगळं दुखत होतं. माझं पेन संपलं.

मग जीपनं सावळघाट चढून पेठकडे आलो. जीप कसली, खुळखुळा! माझे स्वतःचे सांधे मी वळणावळणावर मोजून घेत होतो. पाड्यावर (डोंगरातल्या छोट्या वस्तीवर) वसुधानं मजुरांच्या टोळीच्या मुकादमांना बरोबर घेतलं. प्रत्येक घर त्यांच्या ओळखीचं, यापेक्षा चांगला वाटाड्या कोण? आणि घरोघरी एकच उत्तर: नाय दुखत. भात कापणारे, नागली (नाचणी) झोडणारे, पाठीचं धनुष्य झालेले म्हातारे, सगळे ठणठणीत! मी नुसता "नाही, नाही" लिहून वैतागलो. पेनाचं झाकणसुद्धा चावून संपवलं.

सोमीबाईंच्या आरोळीनंतर वसुधा "भाकरी शिकव गं बाय," म्हणून त्यांच्यामागे चुलीपाशी गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन माझ्या कानाशी लागली.

"मूर्ख आपण दोघं, दादा. परवा टोळी दिंडोरीला निघतेय, विरळणीला (द्राक्षाच्या घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढायला). मुकादम जोडी नेतो. बायकोचे हात गेले की नवराही घरी. आणि आपण त्याच मुकादमाला शेजारी बसवून विचारतोय, हात दुखतात का!"

"मग?"

"आमवातच वाटतोय. आत्ता औषध सुरू झालं तर बोटं वाचतील, नाहीतर वाकडी होतील. मला रक्त घ्यायचंय. तुझ्या थापांचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग होणार आहे. मुकादमाला अडकव."

मी मुकादमांना अंगणाच्या टोकाला नेलं आणि सांगितलं की आमच्याकडे बिबट्या एसटीत चढतो आणि कंडक्टरकडून रीतसर तिकीट घेतो.

मुकादमांनी शांतपणे तंबाखू मळली. "हाफ का फुल?"

असा श्रोता भेटला की माणूस फसतो. मी बिबट्याला पुण्यापर्यंत नेऊन परत आणला, तेव्हा कुठे वसुधा बाहेर आली. मागून सोमीबाईंच्या सासूनं नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं (घट्ट, तिखट कालवण) आणलं. मुकादम आमच्याबरोबर जेवले. मी एक घास त्यांच्याकडे बघून खात होतो, एक घास चुलीकडे बघून.

नाशकात परतल्यावर सोसायटीतल्या त्याच आजोबांनी आमचे फॉर्म चाळले आणि निकाल दिला, "बघा, डोंगरातल्या लोकांचं रक्तच वेगळं! नागलीचा प्रताप!" मी दात इतके आवळले की जबडा दुखायला लागला. समाजासमाजांत फरक असेलही, वसुधा म्हणते असतोच. पण आमच्या गठ्ठ्यात आजार मोजलाच गेला नव्हता. दुखतं म्हणायची सोय कुणाला आहे, तेवढंच मोजलं गेलं होतं.

रिपोर्ट आला. आमवातच. टोळीला सुट्टी बाजाराच्या दिवशी, म्हणून बाईंना निरोप धाडून त्या दिवशी आम्ही दिंडोरीत सकाळपासून उभे. बाई येईनात. वसुधा घड्याळ बघून चिडली, मी वसुधाला बघून चिडलो. दुपारी, भाजीची पिशवी कोपरात अडकवून, सोमीबाई आल्या. वसुधानं गोळ्या कशा घ्यायच्या, रक्त पुन्हा कधी तपासायचं, सगळं समजावलं. त्यांनी पुड्या पदरात बांधल्या.

मी फॉर्म काढला. "बाई, आता मुकादम नाहीत. खरं सांगा, काय लिहू? दुखतं?"

त्यांनी पिशवी सावरली.

"नाय लिवा."