येतो म्हणजे जातो

मुलीनं जेवताना जाहीर केलं, "आई, मी कंट्री करतेय." माझा घास हातातच राहिला. माझं माहेर नागपूरचं. तिकडे कंट्री एकाच गोष्टीला म्हणतात आणि ती बाटलीत मिळते. आधी हिचा घटस्फोट, मग ह्यांचं जाणं, आता पोरगी या थराला आली! धीर करून विचारलं, "किती?"

"नाइन साँग्स. होल अल्बम."

लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या मराठी मंडळातल्या मैत्रिणीनं मला धीर दिला. "कंट्री म्हणजे देशभक्तीपरच ना? पंधरा ऑगस्टला बसवू या की!"

कंट्री हे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं रडगाणं असतं, हे मला मागाहून कळलं. कुत्रा मरतो, ट्रक बिघडतो, नवरा सोडून जातो, मग गिटार घ्यायची. आमच्याकडे कुत्रा नव्हता, ट्रकही नव्हता. नवरा मात्र खरंच गेला होता. गाण्यात तो मावळतीला धुळीच्या रस्त्यानं जातो. प्रत्यक्षात जावईबापू ब्रॅकनेलला आयटीत होते आणि भर दुपारी हॅचबॅकमधून गेले. एअर फ्रायर पुढच्या सीटवर ठेवून त्याला सीटबेल्टसुद्धा लावला. माझ्या मुलीची एवढी काळजी त्यांनी कधी घेतली नव्हती.

हॅट आली, बूट आले. घोड्यावर ही आजवर बसलेली नाही. लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर एकदा गाढवावर बसली होती, तेव्हा उतरवेपर्यंत भोकाड पसरलं होतं. पण गाण्यांत घोडे होते. आठ गाणी मी निमूट ऐकली, मान डोलावली, मधूनमधून भाजीला फोडणीही दिली.

नववं गाणं तिच्या बाबांवर होतं. त्यात एक मराठी शब्द आहे, तो बरोबर म्हणतेय का ते बघ, म्हणाली. शब्द होता 'येतो'. मागच्या वर्षी ह्यांना ऑपरेशनला नेलं, तेव्हा ट्रॉलीवरून हात हलवून हे म्हणाले होते, "येतो गं." ही माझ्या शेजारीच उभी होती. हे परत आले नाहीत. आणि आता ही इंग्रजीत गात होती, की दोघांनी मला येतो म्हणून सांगितलं, दोघंही खोटारडे निघाले, तरी पोर्चमध्ये माझा दिवा जळतोय. आमच्या पोर्चला सेन्सरचा दिवा आहे. तो कोल्हा आला तरी लागतो.

माझं डोकंच फिरलं. जावयाला खुशाल खोटारडा म्हण, मीही कोरसला उभी राहते. पण ह्यांना त्या माणसाच्या पंगतीला बसवलेलं मी ऐकून घेणार नव्हते.

"बाबा काय खोटं बोलले गं?"

"ही सेड येतो, आई. आय वॉज देअर. आय वेटेड."

"अगं, घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, अशुभ असतं. म्हणून 'येतो' म्हणायचं. येतो म्हणजे जातो."

"येतो मीन्स जातो? व्हॉट काइंड ऑफ लँग्वेज इज धिस?"

"आपली."

गिटार तिनं ओट्याला टेकवली. मग म्हणाली, "सो... तो बाय म्हणत होता?"

"हो. रोज ऑफिसला निघताना म्हणायचे तसंच."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, 'या.' नेहमीसारखंच."

हे गेल्यापासून सगळ्यांनी माझ्या खंबीरपणाचं कौतुक केलं होतं. त्या दिवशी मात्र ओट्याशी उभी राहून मी ढसाढसा रडले, आणि काउबॉय हॅट घातलेली माझी मुलगी मला जवळ घेऊन माझ्या दुप्पट रडली. भाजी करपली.

तिनं गाणं बदललं. आता त्यात खोटारडा एकच आहे.

रेकॉर्डिंग साउथहॅम्प्टनला होतं. गिटार पाठीला लावून, बूट चढवून ती दारात उभी राहिली. एरवी ती "बाय, आई" म्हणून फोनमध्ये बघत निघते. आज थांबली.

"येतो, आई," म्हणाली.

मुलींनी 'येते' म्हणायचं असतं, हे मी तिला आयुष्यभर सांगत आले आहे. या वेळी नाही सांगितलं.

"ये," म्हणाले.