आमच्या हॉलमधले सुमनचे रविवार

सुमन गेली आणि आमचं घर स्वच्छ झालं.

आज वर्ष झालं.

सुमन माझी बायको. आम्हाला मूलबाळ नाही. पण दर रविवारी चार वाजता वाशीतल्या आमच्या वन बीएचकेमध्ये सोसायटीतली सात-आठ पोरं जमायची. क्लास नाही, फी नाही.

भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून फुलांचे ठसे.

लिंबाच्या रसाने कोऱ्या कागदावर नाव लिहायचं. सुमन वरून गरम इस्त्री फिरवायची, की अक्षरं तपकिरी होऊन वर यायची. पोरं किंचाळायची.

पुठ्ठ्याच्या घड्याळावर तिने अर्ध्या बिल्डिंगला टाइम बघायला शिकवलं.

पुठ्ठा मी आणायचो, पावणे एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीतून. माझा हातभार तेवढाच.

बाकी मी चपला घालून बाहेर.

"अगं, हे घर आहे की बालवाडी?"

"तुम्ही बसा ना एकदा. मजा येते."

"मला नाही जमत हे."

चार ते सहा मी गार्डनमधल्या बाकावर पेपर वाचायचो. रिटायर झाल्यावरसुद्धा.

मागच्या वर्षी एका सकाळी ती ओट्यापाशीच कोसळली. ब्रेन हॅमरेज.

हॉस्पिटलमध्ये तिला आत नेलं, तेव्हा मी काउंटरवर फॉर्म भरत होतो. वळून बघितलं तर दार बंद झालेलं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले.

तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी बेल वाजली. चार वाजता.

दारात तिसऱ्या मजल्यावरची आर्वी. आठ वर्षांची. मागे अजून चार जण. सगळ्यांच्या हातात कात्र्या.

"आजोबा, येऊ का?"

"आजी नाहीये आता. जा घरी."

आणि मी दार लावलं.

आजी नाही हे पोरांना माहीत होतं. सगळी बिल्डिंग आली होती त्या दिवशी. त्या रविवारी पोरं माझ्याकडे आली होती. हे माझ्या डोक्यात शिरायला कितीतरी महिने गेले.

तोवर बेल वाजायची थांबली होती.

मी बाकावर जाणंही सोडलं. घरातून पळायचं तर घरात कुणीतरी लागतं.

दिवाळीनंतर हिंमत करून सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'रविवारी चार वाजता मुलांना पाठवा. कागदाचे बेडूक करू.'

चौदा अंगठे आले.

मूल एकही नाही.

साडेपाचला अंथरलेले पेपर गोळा केले आणि तिसऱ्या मजल्यावर गेलो. आर्वीची आई ओशाळली. "काका, सॉरी हं. रविवारी तिचा अबॅकस असतो. आत्ताच आली. सगळ्यांचंच काही ना काही असतं आता."

आतून आवाज आला, "मम्मी, दहा मिनिटं जाऊ?"

आली.

माझा बेडूक बघून म्हणाली, "असं नाही आजोबा. घडी नखाने दाबायची."

मग तिने दोन्ही बेडूक फरशीवर उडवले आणि पट्टीने मोजलं. तिचा बावीस सेंटिमीटर. माझा चार.

"तुमचा आळशी आहे."

मी हसलो. मोठ्याने. घरात कुणी हसलं की कसं वाटतं, तेच विसरलो होतो.

मग खालून आईने हाक मारली. आर्वी गेली.

कधीतरी येते अजून. खोटं कशाला सांगू, बहुतेक रविवारी कुणीच येत नाही. मी एकटाच फरशीवर बसतो. गुडघे दुखतात. भेंडीचे ठसे आता बरे येतात.

मजा येते, सुमन. तू म्हणायचीस तशी. पण तू असताना यायला हवी होती.

त्या दिवशी फॉर्मच्या नादात तुला निरोप द्यायचा राहिला.

आज देतो.

ये हं.